चौथी खाच

मी टेकू बोलतोय. चऱ्होलीच्या कुशाबाईंच्या घरातला लाकडी टेकू. पाळण्यात बारसं होतं, झोपाळ्यावर गाणी म्हणतात, टेकूचं कौतुक मात्र कुणी करत नाही. पडायला आलेल्या भिंतीला लावायचा आणि विसरून जायचं, एवढीच टेकूची पत. पण मी भिंतीचा टेकू नव्हे. मी माणसाच्या पाठीचा टेकू आहे, आणि दोन माणसांचं मरण मी हातभर अंतरावरून पाहिलं आहे.

माणसांना झोपेतलं फारसं काही कळत नाही, असं माझं मत झालं आहे. दिवसा उभं राहायचं आणि रात्री आडवं व्हायचं, बस्स. अंथरूण पाहून पाय पसरावे, अशी म्हणसुद्धा केली त्यांनी, पण पाठ कुठं ठेवावी याबद्दल अक्षर नाही. उभं आणि आडवं यांच्या मधेही एक जागा असते. आडवं पडलं की ज्याचा श्वास कोंडतो त्यालाच ती सापडते. मी त्या मधल्या जागेचा.

माझा जन्म खोक्यातला. त्रेपन्न-चोपन्न साली पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता. बोटीतून यंत्रं यायची ती घराएवढ्या लाकडी खोक्यांत बसून. त्यातल्याच एका खोक्याची मी फळी. माझं लाकूड परदेशी, पांढरट आणि हलकं. माझ्यावर काळ्या रंगात एक जाडजूड बाण काढलेला होता. खोकं उतरवताना मुकादम हमालांवर ओरडायचा, "बाण वर! बाण वर ठेवा! आडवं केलं तर आतलं यंत्र बिघडंल!" आणि वीस-वीस माणसं घाम गाळून ते खोकं उभंच्या उभं नेत असत. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

यंत्र बाहेर निघालं, खोकं फुटलं. मोडक्या फळ्या ज्याला हव्या त्याने न्याव्यात, असं साहेबाने सांगितलं. बहुतेकांनी चुलीसाठी नेल्या. मला नेलं ते गेनबा सुताराने. तो त्या बांधकामावर दारं-खिडक्यांचं काम करत होता. रोज चऱ्होलीहून सायकलवर यायचा. मला आणि माझ्या तीन भावंडांना त्याने सायकलच्या दांडीला बांधलं, दोन पायडलं मारली आणि उतरून चालायला लागला. भोसरीपर्यंत तो चार वेळा थांबला. प्रत्येक वेळी हँडलवर कपाळ टेकायचा, आणि जणू चेनच बघतोय असं दाखवायचा. रस्त्यावर बघणारं कुणी नव्हतं, तरी.

गेनबाला तेव्हा चाळिशी नुकतीच लागली होती. घरी बायको कुशाबाई. मुलगी सगुणा लग्न होऊन चाकणला गेलेली. शेजारच्याच खोल्यांत थोरला भाऊ रंगराव आणि त्याची बायको गोजाबाई. अंगण एक, चुली दोन. रंगराव गावची सुतारकी बघायचा, नांगर, पाभर, गाडीची चाकं. त्याने मला पाहिलं आणि नाक मुरडलं.

"गेनू, खोक्याचं लाकूड घेऊन आलास व्हय? याला काय आयुष्य? दोन पावसाळं काढलं तरी पुष्कळ."

"पाठीला टेकू करायचाय ह्याचा. मला तरी कुठं जास्त काढायचंत, दादा," गेनबा म्हणाला आणि हसला. रंगराव हसला नाही. तो छपरीत गेला आणि आपल्या ठेवणीतली बाभळीची एक काठी आणून धाकट्या भावापुढे टाकली. "आधाराला ही लाव. ही मोडायची न्हाई." माझ्या मागे आजही तीच काठी आहे. अजून मोडली नाही.

गेनबाचा आजार काय होता, हे आता सांगायला हवं. झोपायला पाठ टेकली की घटकाभरात तो धडपडून उठून बसायचा. छातीत घरघर, तोंडाला फेस. आधी त्याला वाटलं, लाकडाचा भुसा बाधला. मग कुशाबाईने करून पाहिलं नाही असं काही उरलं नाही. तिने दोन उशा दिल्या. उशा सरकायच्या आणि मान तेवढी वर, छाती खाली, अशी गत व्हायची. बाजरीचं अर्धं पोतं पाठीशी लावलं, ते पहाटेपर्यंत बसकण मारायचं. भिंतीला टेकून बसवलं, तर झोपेत कुल्ले पुढे घसरायचे आणि मध्यरात्री गेनबा पुन्हा सपाट. शेवटी तिने एक उपाय काढला. ती स्वतःच त्याच्या मागे पाठमोरी बसायची, पाय रोवून, आणि तो तिच्या पाठीला पाठ लावून झोपायचा. चार महिने नवरा-बायको असे झोपले. म्हणजे तो झोपला. ती जात्यावर दळताना डुलक्या काढायची आणि गोजाबाई तिला आळशी म्हणायची.

पिंपरीच्या कॅम्पात एक सिंधी डॉक्टर होते. सिंधहून सगळं सोडून आलेला माणूस. एका पत्र्याच्या खोलीत त्यांचा दवाखाना होता. बांधकामावरच्या सोबत्यांनी गेनबाला तिकडे पाठवलं. कुशाबाई बरोबर गेली आणि दारात उभी राहिली. डॉक्टरांनी छाती तपासली, सुजलेले पाय दाबून पाहिले. मग टेबलावरची औषधाची अर्धी भरलेली बाटली उचलली.

"देखो बाई, इधर ये. हे पाणी बघ, कुठे आहे?"

"खाली," कुशाबाई दारातूनच म्हणाली.

डॉक्टरांनी बाटली आडवी केली. पाणी बुचापर्यंत आलं. "आता? ह्याचं दिल थकलं आहे. छातीत पाणी भरतं. उभा बसला तर पाणी खाली. लिटाया तो पाणी गळ्यापर्यंत. समझी? औषध मी देतो, पण औषधापेक्षा मोठी गोष्ट ही आहे. कुछ भी हो जाए, ह्याला सपाट लिटाना नहीं. कभी नहीं."

हे सगळं मला कुशाबाईच्याच तोंडून कळलं. ती घरी आल्यावर तांब्यात पाणी घेऊन गेनबाला पुन्हा पुन्हा करून दाखवत होती, जणू तो तिथे नव्हताच.

मग गेनबाने मला घडवलं. खाली एक चौकट, तिच्या एका टोकाला बिजागरीने जोडलेली पाठीची रुंद फळी, आणि फळीच्या मागे रंगरावाची बाभळीची काठी. चौकटीत खाचा. काठी ज्या खाचेत बसवावी, त्यावर पाठ किती उंच राहायची ते ठरायचं. ह्या खाचांचं माप त्याने गजाने घेतलं नाही. अंगणात फळीवर पाठ टेकून तो बसला, मागून कुशाबाई फळी हळूहळू खाली नेत गेली, आणि तो डोळे मिटून आपला श्वास ऐकत राहिला. "आणिक खाली... आणिक... हां, बस. इथं घरघर लागली. एक बोट वर घे." कानावरची पेन्सिल काढून त्याने तिथे खूण केली. पहिली खाच बऱ्या दिवसांची. दुसरी बेताच्या. तिसरी वाईट दिवसांची. पटाशीने खाचा पाडताना तो दर चार ठोक्यांनी दम खात होता.

बाण असलेली फळी त्याने मुद्दाम पाठीला लावली, आणि बाणाचं टोक डोक्याकडे ठेवलं. "तिकडं कामावर यंत्राला करत्यात तसं," तो बायकोला म्हणाला. "बाण वर. आडवं केलं की बिघडलं."

पहिल्या रात्री तो माझ्यावर झोपला. फळीवर गोधडीची घडी, मानेखाली पातळ उशी, घसरू नये म्हणून गुडघ्यांखाली घोंगडीची गुंडाळी. दोन्ही हातांखाली एकेक लुगडं दुमडून, म्हणजे खांदे ओढू नयेत. एवढा सगळा थाट कुशाबाईने कुणी न सांगता शोधून काढला होता. गेनबा घोरायला लागला. ती बराच वेळ बसून ते घोरणं ऐकत होती. मग चार महिन्यांनी पहिल्यांदा अंगाची मुटकुळी करून आडवी झाली. ती दिवस बराच वर येईपर्यंत उठली नाही. चुलीला उशीर झाला म्हणून गोजाबाई बडबडली, तेव्हा गेनबाच म्हणाला, "वहिनी, निजू दे तिला. लई दिसांची झोप हाय."

आता ज्या गोष्टीमुळे सगळं बिघडलं, ती सांगतो. ती फार छोटी आहे.

कुशाबाई रंगरावाशी बोलत नसे. भांडण नव्हतं. रीत होती. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायचा, आणि काही सांगायचं तर जावेमार्फत सांगायचं. लग्न होऊन आल्यापासून वीस वर्षांत तिने त्याच्याशी एक शब्दही थेट बोललेला नव्हता. म्हणून डॉक्टरचं सांगणं तिने गोजाबाईला सांगितलं. "आक्का, दादांच्या कानावर घाला. कायबी झालं तरी ह्यांना सपाट निजवायचं न्हाई. कायबी झालं तरी." गोजाबाई तेव्हा भाकऱ्या थापत होती. ती "सांगते" म्हणाली. त्या दिवशी जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं, "गेनूभावजींना डाक्तरनं उंच निजायला सांगितलंय." रंगराव म्हणाला, "म्हणून तर काठी दिली की." झालं. "कायबी झालं तरी" हे तीन शब्द तेवढे भाकरीबरोबर तव्यावरच राहिले. आणि गेनबाही आपल्या भावाशी कधी दुखण्याचं बोलला नाही. पुरुषांची ती दुसरी रीत.

वर्षभर माझं चांगलं चाललं. पहिल्या खाचेतून दुसऱ्या खाचेत, पाऊस संपता संपता तिसऱ्या. गेनबाचं कामावर जाणं बंद झालं. एकदा सकाळी त्याने पटाशी मागितली आणि माझ्या चौकटीत चौथी खाच पाडली. सरळ बसण्याच्या जवळपासची. आधीच्या तीन खाचा कशा रेखीव होत्या. चौथी वेडीवाकडी झाली, हात कापत होता. "ह्याच्या पुढं फळीच न्हाई," तो म्हणाला. कुशाबाईने भुसा झाडून टाकला आणि म्हणाली, "लागायची न्हाई ती." पण लागली.

तो दिवस मार्गशीर्षातला. आठ दिवसांच्या वाईट काळानंतर गेनबाला आदल्या दिवसापासून उतार पडला होता. सकाळी त्याने अर्धी भाकर दुधात कुस्करून खाल्ली. ऊन छान पडलं होतं. तो म्हणाला, "कुशे, ह्या वाकळंला वास येतूय बघ. नदीवर जाऊन ये. मी हाय बरा." ती दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली. गुडघ्यांखालची घोंगडी नीट केली, काठी चौथ्या खाचेत पक्की बसली का ते हलवून पाहिलं, आणि वाकळ डोक्यावर घेऊन इंद्रायणीवर गेली.

ती गेल्यावर थोड्या वेळाने गेनबाला खोकल्याची उबळ आली. मोठी आली. उबळ ओसरली तेव्हा तो थकून माझ्यावर कलंडला, मान एका खांद्यावर पडली, डोळे अर्धे मिटले. अंगाला गार घाम. पण श्वास चालू होता. माझ्या फळीला तो कळत होता. बारीक, पण नेमाचा. असं आधीही दोनदा झालं होतं. कुशाबाई अशा वेळी काही करायची नाही, फक्त मान सरळ करून छातीवर हात ठेवून बसायची, आणि घटकाभरात तो डोळे उघडायचा.

त्या वेळी आत आला तो रंगराव.

रंगरावाचं एक जुनं दुखणं होतं. तो सोळा वर्षांचा असताना त्याचा बाप खाटेवर गेला, आणि हा शेजारी झोपलेला होता. मरणाऱ्याला भुईवर घ्यायचं असतं, नाहीतर जीव अधांतरी लोंबकळतो, अशी इकडची समजूत. बापाला भुई मिळाली नाही. गाव काही दिवसांनी विसरलं असेल, पण रंगराव विसरला नाही. पुढे गावात कुणाचं शेवटचं असलं की तो धावत जायचा आणि खाली घ्यायला पहिला हात लावायचा. हे सगळं मी त्याला दोष द्यायला सांगत नाही. तो दुष्ट असता तर मला बोलणं सोपं गेलं असतं.

त्याने भावाची पडलेली मान पाहिली. "गेनू! ए गेनू!" हाक मारली. मग बाहेर धावला. आळीतली माणसं आली, म्हातारा सोनबा आला. अशा वेळी सोनबाचा शब्द चाले. त्याने नाकाशी बोट धरलं आणि म्हणाला, "हाय थोडा. खाली घ्या. भुईवर घ्या लवकर."

गोजाबाईला तुळशीचं पान आणायला पिटाळलं. चार जणांनी गेनबाला माझ्यावरून उचललं. रंगरावाने त्याचं डोकं धरलं होतं, लहान मुलाचं धरावं तसं. सारवलेल्या जमिनीवर त्याला उताणा, सरळ, सपाट ठेवला. मला कुणीतरी पायाने भिंतीशी सारलं.

आज मी एवढा घडाघडा बोलतोय. त्या दिवशी माझ्या तोंडून एक शब्द निघाला असता तर? बाण माझ्या अंगावर होता. खोक्यातल्या यंत्रासाठी वीस माणसं तो बाण पाहून थबकायची. इथे चौघांपैकी एकानेही पाहिला नाही. माणसाच्या छातीवर असा बाण कुणी काढत नाही.

गेनबाने डोळे उघडले. पाणी वर चढलं असणार. त्याला बोलता येईना. सोनबाने तुळशीचं पाणी तोंडात सोडलं, तेही श्वासनळीत गेलं. मग त्याचा उजवा हात वर उठला. सरळ माझ्याकडे. बोटं पसरलेली, माझ्या चौकटीपासून हातभर अंतरावर. तो मला मागत होता. एवढं साधं होतं ते.

"निरोप घेतोय," कुणीतरी म्हणालं.

रंगरावाने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि ढसाढसा रडला. "जा गेनू, सुखानं जा. भुई दिली रं तुला. मी झोपलो न्हाई ह्या वेळंला." गेनबा हात सोडवायला ओढत होता. रंगरावाने तो घट्ट धरून ठेवला. नंतर तो ओढायचा थांबला.

कुशाबाईला नदीवर कुणीतरी हाक मारली. ती ओली वाकळ तशीच छातीशी धरून आली. दारात उभी राहिली. तिने जमिनीवर सपाट पडलेला नवरा पाहिला, भिंतीशी असलेला मी पाहिला, चौथ्या खाचेतली काठी पाहिली. तिला सगळं कळलं. तिला कळलं हे मला कळलं, कारण ती एकदम रडली नाही.

कोपऱ्यात गोजाबाई उभी होती. तिचं तोंड पांढरं पडलं. "अगं कुशे," ती पुटपुटली, "तू मला सांगितलं हुतंस... सपाट..."

रंगरावाने मान वर केली. "काय सांगितलं हुतं?"

वाकळीतून पाणी ठिबकत होतं. आणि मग कुशाबाईने वीस वर्षांत पहिल्यांदा थोरल्या दिराकडे तोंड केलं. पदर मागे सरकला होता, तो तिने ओढला नाही.

"काय न्हाई, दादा," ती म्हणाली. "मी नदीवर जाताना बघितलं हुतं. ह्यांचं तवाच संपत आलं हुतं. तुमी भुई दिली, बरं केलं."

हे खोटं होतं. त्या घरात तिच्याइतकं खरं बोलणारं माणूस नव्हतं, आणि थेट दिराशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य खोटं निघालं.

रंगरावाचा चेहरा आधी निवळला. मग हळूहळू कठीण झाला. त्याने हिशोब मांडला, तो कुणीही मांडला असता. नवरा मरतोय हे बघून ही बाई वाकळ धुवायला गेली. दहाव्यापर्यंत ही गोष्ट साऱ्या चऱ्होलीत झाली. नदीवर बायका तिला पाहून आपापली धुणी उचलायच्या. सगुणेच्या सासरीही कानावर गेलं आणि सगुणा पुढे दोन वर्षं माहेरी आली नाही. रंगरावाने तिच्या हातचं पाणी घ्यायचं बंद केलं. गोजाबाईला सत्य माहीत होतं. ती कधी कधी रात्रीचं कालवण झाकून कुशाबाईच्या दारात ठेवून जायची, पण तोंड काही उघडलं नाही. उघडलं असतं तर स्वतःचं नाव निघालं असतं.

मयताचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. सोनबाने मलाही नदीवर सोडून यायला सांगितलं होतं. कुशाबाईने मला गोणपाटात गुंडाळून शेळीच्या छपरात, आढ्याला टांगलं. चार वर्षं मी तिथे होतो. खाली शेळ्यांच्या लेंड्यांचा वास, वर चिमण्या. पिंपरीचा कारखाना केव्हाच सुरू झाला होता, माझ्यासारख्या किती फळ्यांची चुलीत राख झाली असेल. मी मात्र शाबूत. ती अधूनमधून वर हात घालून चौथी खाच बोटाने चाचपायची आणि निघून जायची. तिला झोप लागत नसे. आळीत तेही बोललं जायचं, पाप झोपू देईना म्हणून.

एकोणसाठ सालच्या थंडीत रंगरावाला धाप लागायला लागली. तीच घरघर, तेच सुजलेले पाय. एका दुपारी गोजाबाई शेळीच्या छपरात आली. कुशाबाई धार काढत होती. गोजाबाई खांबाला धरून उभी राहिली.

"कुशे, तो टेकू हाय का गं?"

कुशाबाईने वर पाहिलं. शेळीला मोकळं केलं, हात धुतले आणि मला उतरवलं. पुसलं, बिजागरीला तेल दिलं. रंगरावाच्या खोलीत मला नेऊन दुसऱ्या खाचेत लावलं, गोधडी, उशी, गुडघ्यांखाली घोंगडी, हातांखाली दुमडलेली लुगडी, सगळं जसंच्या तसं. रंगराव भिंतीकडे तोंड करून बसला होता. "तिला म्हणावं, मला नको," तो बायकोला म्हणाला. पण आजार मानी नसतो. संध्याकाळी तो माझ्यावर टेकला आणि झोपला. त्याच्याच काठीच्या आधारावर.

दोन-तीन आठवडे गेले. तो माझ्यावर पडून विचार करायचा, हे मला त्याच्या श्वासावरून कळायचं. विचार करणाऱ्याचा श्वास अडखळतो. एका दुपारी घरात कुणी नसताना तो उठला. मला उचलून भिंतीशी ठेवलं. आणि गेनबाला जसं ठेवलं होतं तसाच, सारवलेल्या भुईवर उताणा, सरळ, सपाट पडला. मुद्दाम.

मी पाहत होतो. आधी काही झालं नाही. मग छाती वर-खाली व्हायला लागली, मग घरघर, मग डोळे मोठे झाले. तो बोलायला गेला, शब्द फुटेना. आणि त्याचा उजवा हात वर उठला. बोटं पसरून, माझ्याकडे. त्याने मुद्दाम केलं नव्हतं ते. हात आपोआप आला. रंगरावाने आपल्याच हाताकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही. गेनबाच्या मरणाचंही मला एवढं दुःख झालं नव्हतं, खरं सांगतो.

कुशाबाई शेणी घेऊन अंगणातून चालली होती. तिने घरघर ऐकली. हातातलं टाकून आत आली, त्याला काखेत हात घालून उठवलं, आपली पाठ त्याच्या पाठीला लावून बसली, पाय रोवून. दिराला शिवायचं नाही, ही रीत तेव्हा तिच्या मनातही आली नसावी. खूप वेळाने त्याचा श्वास खाली बसला.

"कुशाबाई," तो म्हणाला, "त्यो हात निरोपाचा नव्हता."

तिने पाय आणखी रोवले.

"गेनू जित्ता हुता."

"असू द्या, दादा."

"तू मला का न्हाई सांगितलंस?"

दोघं पाठमोरी होती, एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. त्यामुळेच तिला बोलता आलं असेल. "सांगून ते उठलं असतं व्हय? घरात एकाला तरी झोप लागू दे म्हणलं."

मग ती उठली, मला त्याच्या पाठीशी लावलं आणि काठी चौथ्या खाचेत सरकवली. वेड्यावाकड्या खाचेत ती जरा कुरकुरते.

त्यानंतर रंगरावाने आळीतल्या माणसांना बोलावलं. सोनबा काठी टेकत आला. चाकणला सगुणेलाही निरोप धाडला होता. माझ्यावर पाठ टेकून, दर चार शब्दांनी दम घेत, त्याने सगळं सांगितलं. स्वतःचं नाव घेऊन सांगितलं. गोजाबाईला त्यात घेतलं नाही, पण ती आपणहून पुढे आली आणि म्हणाली, "मला सांगितलं हुतं तिनं. म्या अर्धंच सांगितलं." सगुणा आईच्या गळ्यात पडली नाही. ती आईच्या पायाशी बसली आणि उठेना. शेवटी रंगराव म्हणाला, "माझं शेवटचं ऐका. मला भुईवर घेऊ नका. मी हितंच, ह्या टेकूवर जाईन. जीव लोंबकळला तर लोंबकळू दे. माझ्या भावाचा हात मी धरून ठेवला हुता."

सोनबा काही तरी बोलायला गेला. कुशाबाईने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो गप्प बसला.

पुढच्या आठवड्यात रंगराव गेला, सकाळी, चौथ्या खाचेत, बसल्यासारखा. हात माझ्या चौकटीवर होता. श्वास थांबल्याची पुरती खात्री होईपर्यंत कुशाबाईने कुणाला पुढे येऊ दिलं नाही.

आता मी काय करतो? मी गावोगाव फिरतो. दोन मेलेल्यांचा टेकू म्हणून लोक मला घाबरतील असं वाटलं होतं, पण धाप लागली की माणूस शकुन बघत नाही. तळवड्याला जाऊन आलो, भोसरीला दीड महिना होतो. उद्या रावेतला जायचंय, गाडी सांगून ठेवली आहे. तिथली कुणी अंबूबाई आहे म्हणे, आठ दिवसांत पाठ टेकलेली नाही. कुशाबाईने आज गेरूने माझा बाण पुन्हा गडद केला. ती प्रत्येक वेळी माझ्याबरोबर येते. मला लावून देते, गुडघ्यांखाली घोंगडी ठेवते. मग घरातल्या साऱ्यांना बोलावते, सासरे, थोरले दीर, कुणी वगळत नाही, आणि तांब्यात पाणी घेऊन तो आडवा करून दाखवते.

माझं लाकूड आता भुसभुशीत झालंय. फार दिवस काढीन असं वाटत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमच्या घरात कधी कुणाची मान पडली, तर खाली घेण्याआधी थोडं थांबा. मान सरळ करा. छातीवर हात ठेवून बसा. हात वर आला, तर तो काय मागतोय ते आधी बघा.

कुशाबाई परक्या घरात, परक्या पुरुषांसमोर, पदर मागे टाकून एकच वाक्य बोलते. "कायबी झालं तरी ह्याला सपाट निजवू नका." ते वाक्य ती दर वेळी पुरतं बोलते, एकही शब्द गाळत नाही. आणि बोलून झालं की तिची नजर जमिनीवर, हातभर मोकळ्या जागेवर जाते.